पंचमहाभूतांत बलवान कोण? – प्रश्नोपनिषदातील भार्गवाचा प्रश्न

पृथ्वी, आप, तेज आणि वायू या चारांत सर्वांत बलवान कोण, हा प्रश्न अभ्यासवर्गात निघाला की वर्ग रंगतो. प्रत्येकाची बाजू ठरलेली असते, आणि बहुधा ती अनुभवातून आलेली असते. लातूर-धाराशिवकडच्या माणसाला 30 सप्टेंबर 1993 ची पहाट विसरता येत नाही. गणेश विसर्जन करून लोक झोपले होते आणि किल्लारीच्या परिसरात दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्यांच्या अंगावर आल्या. तो म्हणतो, पृथ्वी. ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या साधकाला ऑक्टोबर 1999 मधले महाचक्रीवादळ आठवते. तो वायूचे नाव घेतो. नागपट्टणमचा माणूस 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर पाण्याखेरीज दुसरे नाव घेणार नाही. केदारनाथला जून 2013 मध्ये गेलेला यात्रेकरूही नाही.

या उत्तरांत खोटे काही नाही. पण यात बल मोजले जाते ते नाशावरून. ज्याने जास्त मोडले तो बलवान. आपल्या ऋषींनी हाच प्रश्न विचारला तेव्हा मोजमाप वेगळे धरले होते: धारण कोण करतो? मोडणारा कोण, असे त्यांनी विचारले नाही. उभे कोण ठेवतो, असे विचारले. आजच्या पाठात तो प्रश्न मुळातून पाहू.

चार की पाच?

आधी एक शंका दूर करू. भूते चार की पाच? चार भूते मानणारे आपल्याकडेही होते. चार्वाकांनी आकाश नाकारले, कारण ते प्रत्यक्ष दिसत नाही आणि प्रत्यक्षाशिवाय दुसरे प्रमाण त्यांना मान्य नव्हते. बौद्ध ग्रंथांतही महाभूते चार मोजली जातात. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात सिसिलीतल्या एम्पेडोक्लीसनेही चारच मुळे सांगितली. गंमत अशी की ‘बलवान कोण’ या वादात तो पडला नाही. त्याच्या मते चारही सारख्याच योग्यतेची आणि सारख्याच वयाची. त्यांना जोडणारी आणि तोडणारी शक्ती मात्र वेगळी.

वैदिक परंपरेने पाच मानली. तैत्तिरीय उपनिषदात क्रम आहे: आत्म्यापासून आकाश, आकाशापासून वायू, वायूपासून अग्नी, अग्नीपासून जल, जलापासून पृथ्वी. या क्रमाने जाताना एकेक गुण वाढतो. आकाशाला फक्त शब्द. वायूला शब्द आणि स्पर्श. तेजाला त्यात रूप मिळते, जलाला रस, आणि पृथ्वीला गंधासह पाचही. म्हणजे गुणांच्या संख्येवर निकाल लावायचा तर पृथ्वी श्रेष्ठ, आणि सूक्ष्मतेवर लावायचा तर आकाश. मोजपट्टी बदलली की विजेता बदलतो. (ही भूते म्हणजे रसायनशास्त्रातली मूलद्रव्ये नव्हेत. पाच ज्ञानेंद्रियांना जग जसे कळते, तशी ही मांडणी आहे. तिला ओढूनताणून आधुनिक विज्ञानाचे प्रमाणपत्र जोडण्याचा मोह साधकांनी टाळावा. त्याने विज्ञान आणि शास्त्र दोन्ही बिघडतात.)

शिवाय वेदान्ताच्या प्रकरणग्रंथांत पंचीकरण सांगितले आहे. स्थूल पृथ्वीत अर्धा भाग पृथ्वी आणि उरलेल्या अर्ध्यात इतर चार भूतांचा एकेक अष्टमांश. पाण्याचे, अग्नीचेही तसेच. मग भूकंपात एकट्या पृथ्वीचे बल कुठले आणि वादळात एकट्या वायूचे तरी कुठले? वादळाला जोर देतो तो समुद्राच्या पाण्यातला उष्मा.

दक्षिणेत पंचभूत लिंगांची यात्रा केलेल्यांना हे वेगळ्या रीतीने कळले असेल. कांचीपुरमला पृथ्वीलिंग, तिरुवानैकावलला जललिंग, तिरुवण्णामलैला अग्निलिंग, श्रीकालहस्तीला वायुलिंग आणि चिदंबरमला आकाश. कांचीचे लिंग वाळूचे म्हणून त्यावर जलाभिषेक करीत नाहीत. तिरुवानैकावलच्या गाभाऱ्यात मात्र पाणी झिरपतच असते. चिदंबरमला पडदा सरकवला की समोर मोकळी जागा आणि सोन्याच्या बिल्वपत्रांच्या माळा. पाच ठिकाणी पाच उपचार, आणि देव एकच. यांतले कोणते क्षेत्र ‘सर्वांत मोठे’ असे तिथला भाविक विचारत बसत नाही.

विदर्भाचा भार्गव

प्रश्नोपनिषद हे अथर्ववेदाचे. सहा जिज्ञासू हातात समिधा घेऊन पिप्पलाद ऋषींकडे येतात. ऋषी लगेच उत्तरे देत नाहीत. तप, ब्रह्मचर्य आणि श्रद्धा यांसह एक वर्ष राहा, मग हवे ते विचारा, आम्हांला ठाऊक असेल तर सांगू, असे ते म्हणतात. ‘ठाऊक असेल तर’ हे शब्द गुरूच्या तोंडी आहेत, इकडे लक्ष द्यावे.

दुसरा प्रश्न भार्गवाचा. त्याला वैदर्भि म्हटले आहे, म्हणजे तो विदर्भाचा. मराठी वाचकाला हे नाव वाचून थोडा आपलेपणा वाटला तर त्यात गैर नाही. त्याचा प्रश्न तीन पदरी आहे: या देहाला किती देव धारण करतात? त्यांपैकी कोण त्याला प्रकाशित करतात? आणि त्यांत श्रेष्ठ कोण?

पिप्पलाद यादी सांगतात. आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. आणि वाणी, मन, डोळे, कान. ही सारी मंडळी आपापले तेज दाखवून बढाई मारू लागली की, हा देह आम्हीच सावरून धरला आहे. तेव्हा प्राण त्यांना म्हणाला की, भ्रमात पडू नका. मीच स्वतःला पाच प्रकारे विभागून याला धरून आहे. त्यांचा विश्वास बसला नाही.

पुढे जे घडते ते दोन-तीन वाक्यांतच आहे. प्राण जणू अभिमानाने वर निघाला. तो निघताच सगळ्यांना निघावे लागले; तो स्थिरावताच सगळे स्थिरावले. उपमा मधमाश्यांची आहे: त्यांचा राजा उडाला की सगळ्या उडतात, बसला की बसतात. (आज आपण राणीमाशी म्हणतो; मुद्दा तोच.) ‘जणू’ हा शब्द मूळ वाक्यातच आहे. प्राण खरोखर गेला नाही. गेला असता तर वाद मिटला असता, पण वाद ऐकायला कोणी उरले नसते.

छांदोग्यात इंद्रियांच्या भांडणाची अशीच कथा आहे. तिथे वाणी, डोळे, कान आणि मन एकेक वर्ष बाहेर जाऊन येतात, आणि देह मुका, आंधळा, बहिरा किंवा बालकासारखा होऊन जगतच राहतो. प्रश्नोपनिषदात भूतांना अशी संधी दिलेली नाही. देता येणारही नव्हती, कारण आकाशाने वर्षभर बाहेर जायचे म्हटले तर जायचे कुठे?

वायू म्हणजे प्राण नव्हे

इथे बरेच साधक घसरतात. प्राण जिंकला म्हणजे चार भूतांत वायू जिंकला, असा निष्कर्ष ते काढतात. पण यादी पुन्हा वाचावी. वायू त्या बढाई मारणाऱ्यांत आहे. भ्रमात पडू नका असे प्राणाने ज्यांना सांगितले, त्यांत तोही आहे.

वायूला मोठेपण देणारी विद्या वेगळी आहे. छांदोग्यात गाड्याखाली बसलेला रैक्व राजा जानश्रुतीला ती सांगतो. अग्नी विझला की वायूत जातो, सूर्यचंद्र मावळले की वायूत, पाणी आटले की वायूत. म्हणून बाहेर सर्वांना सामावून घेणारा वायू. पण देहाच्या आत ती जागा रैक्वही प्राणाला देतो. नारदाला सनत्कुमार चढती पायरी दाखवतात, तीही आकाशाशी थांबत नाही. अन्नाहून जल मोठे, कारण पाऊस चांगला झाला नाही तर अन्न कमी पडेल म्हणून जीव घाबरतात. जलाहून तेज मोठे, कारण आधी ऊन तापते मग पाऊस येतो. तेजाहून आकाश मोठे. आणि आकाशानंतर? स्मृती, मग आशा, मग प्राण. ‘आकाश सर्वांत सूक्ष्म म्हणून सर्वांत श्रेष्ठ’ हे वर्गात नेहमी मिळणारे उत्तर मला म्हणूनच अपुरे वाटते. ते पाठ केलेले असते.

आपली भाषा याबाबत जास्त जागी आहे. माणूस गेला की मराठीत दोन गोष्टी म्हणतात: प्राण गेला आणि पंचत्वात विलीन झाला. दोन्हींचा क्रम पाहावा. ज्यांनी घरात एखादा मृत्यू जवळून पाहिला आहे त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. त्या क्षणानंतर अंथरुणावर हाडामांसाची पृथ्वी तितकीच असते. रक्ताचे पाणी तिथेच असते. छातीत थोडी हवाही असते, पोकळ्यांतले आकाश असते, अंगाची ऊब हळूहळू उतरत असते. पाचांतले कोणीही अजून सोडून गेलेले नाही. तरीही घरातले माणूस हात सोडून म्हणते की, गेले. देह आम्ही धरला आहे असे म्हणणारे सगळे हजर असतात, आणि देह धरला जात नाही.

सेवेतला तोच वाद

हा वाद केवळ तात्त्विक नाही. शिबिर ठरले की स्वयंपाकघर सांभाळणाऱ्यांना वाटते, जेवण वेळेवर झाले नाही तर कोण बसेल ध्यानाला? भजन म्हणणाऱ्यांना वाटते, लोक भजनासाठीच येतात. हिशोब ठेवणारा मनात म्हणतो, मी पावत्या फाडल्या नसत्या तर मांडवच उभा राहिला नसता. आणि व्याख्यान देणाऱ्याला काय वाटते ते सांगायला नको. यांतल्या कोणाचेही म्हणणे चूक नाही. प्रत्येक जण काही ना काही खरोखरच धरून आहे. अग्नी खरोखर जाळतो, वायू खरोखर उडवतो. केनोपनिषदात यक्षासमोर दोघांनी आपले सामर्थ्य सांगितले ते खोटे नव्हते. पण समोर ठेवलेली गवताची एक काडी अग्नीला जाळता आली नाही, वायूला हलवता आली नाही. ज्याच्या बळावर ते जाळत आणि उडवत होते, ते बळ त्यांनी आपल्या नावावर मांडले होते.

केंद्रे फुटतात ती बहुधा इथेच. सिद्धान्तावरून फुटलेले केंद्र क्वचित. ‘माझ्याशिवाय चालले कसे’ यावरून फुटलेली अनेक.

प्रश्नोपनिषदात वाद कसा मिटतो तेही पाहण्यासारखे आहे. हरलेले खाली मान घालून बसत नाहीत. ते प्रसन्न होऊन प्राणाची स्तुती करतात, आणि स्तुतीत म्हणतात की अग्नी होऊन तापणारा हाच, सूर्य हाच, पाऊस हाच, वायू हाच, पृथ्वीही हाच. रथाच्या तुंब्यात आरे बसावेत तसे सगळे याच्यात बसले आहे. शेवटी आईने मुलांना सांभाळावे तसे आम्हांला सांभाळ, अशी विनवणी आहे. म्हणजे पाचांना हरवणारा सहावा पहिलवान आला, असे झालेले नाही. पाचांना आपण कोणाचे आहोत ते कळले.

या आठवड्याच्या अभ्यासासाठी भागवताच्या अकराव्या स्कंधातला अवधूत सोबत घ्यावा. त्याने केलेल्या चोवीस गुरूंपैकी पहिली पाच ही भूतेच आहेत. पृथ्वीकडून तो क्षमा घेतो, वायूकडून अलिप्तता, आकाशाकडून ढगांनी न मळणे, पाण्याकडून निर्मळ गोडवा, अग्नीकडून साठा न करता जे पुढे येईल ते घेणे. ज्यांच्याकडे ‘एकनाथी भागवत’ आहे (नाथांनी ते 1573 मध्ये काशीला पूर्ण केले) त्यांनी हा भाग त्यातून वाचावा. रोज एक भूत घ्यावे. त्या दिवशी सेवेत जे काम वाट्याला येईल ते करताना, हे काम कोणाच्या बळावर चालले आहे, एवढे एकदा स्वतःला विचारावे. उत्तर वहीत लिहिण्याची गरज नाही.

भार्गवाचे समाधान झाले. पण त्याच्या शेजारी बसलेल्या कौसल्य आश्वलायनाचे झाले नाही. सगळे प्राणावर टेकले आहे, ठीक; मग हा प्राण कुठून जन्मतो, असे त्याने विचारले. पिप्पलाद त्याला म्हणाले की, तू फार अवघड विचारतोस, पण तू ब्रह्मनिष्ठ आहेस म्हणून सांगतो. माणसाच्या अंगी सावली असावी तसा प्राण आत्म्यापासून आला आहे. म्हणजे श्रेष्ठ ठरलेल्या प्राणालाही स्वतःचे असे बळ नाही. त्या तिसऱ्या प्रश्नाचा अभ्यास पुढील पाठात.