बर्फाखालचा समुद्र

सूर्य नाही तेथे जीवन नाही, असे आपण लहानपणापासून मानत आलो. १९७७ साली गॅलापागोस बेटांजवळ, सुमारे अडीच हजार मीटर खोल समुद्रतळाशी, उष्ण झरे सापडले. पाण्यात विरघळलेल्या रसायनांतून ऊर्जा मिळवणारे जीवाणू आणि त्यांच्या आधारावर जगणारे शिंपले व कृमी तेथे गडद अंधारात नांदत होते. त्या समजुतीला तडा गेला.

मग असा समुद्र अन्यत्र असेल काय? शनीचा एन्सेलॅडस हा उपग्रह पाहा. विल्यम हर्शेल यांनी तो १७८९ मध्ये शोधला. व्यास जेमतेम ५०० किलोमीटर, वरून सारे बर्फ. परंतु २००५ मध्ये त्याच्या दक्षिण ध्रुवावरील भेगांतून बाष्पाचे व हिमकणांचे फवारे उडत असल्याचे कॅसिनी यानाला आढळले. फिरताना शनीची ओढ कमीजास्त होते, त्यामुळे त्याचे अंतरंग सतत ताणले जाते. त्यातून उष्णता निर्माण होते आणि कवचाखालचे पाणी गोठत नाही. फवाऱ्यांत क्षार, सेंद्रिय द्रव्ये व हायड्रोजन सापडले. शिधा आहे, चूलही आहे. घरात कोणी आहे, याचा पुरावा मात्र अद्याप नाही.

इंधन संपत आल्यावर शास्त्रज्ञांनी १५ सप्टेंबर २०१७ रोजी कॅसिनी मुद्दाम शनीच्या वातावरणात लोटून नष्ट केले. ते भरकटून एन्सेलॅडसवर आदळते, तर पृथ्वीवरचे जीवाणू तेथे पोचण्याचा धोका होता. जे जीवन अजून कोणी पाहिलेले नाही, त्यालाही जपावे, ही जाणीव मला त्या शोधाइतकीच मोलाची वाटते.