माणशी नव्वद रुपये

तूरडाळ किलोमागे दहा रुपयांनी चढली की घराघरांत कुरकुर सुरू होते. चौघांच्या घराला महिन्याला तीन किलो तूरडाळ लागते. म्हणजे या दरवाढीने महिन्याचा खर्च तीस रुपयांनी वाढला. त्याच आठवड्यात कंटाळा आला म्हणून मागवलेलं सहाशे रुपयांचं पार्सल मात्र कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. घरचा खर्च कमी करायला बसलं की आपलं बोट बहुतेक वेळा भलत्याच रकान्यावर जातं. म्हणून आधी सगळे रकाने कागदावर उतरवू.

हिशोबाला घर धरलंय पुण्याच्या उपनगरातलं. दोन मोठी माणसं, शाळेत जाणारी दोन मुलं, दोन्ही वेळचं जेवण, नाश्ता, चहा आणि डबे घरचे, दर आठवड्याला अंडी, महिन्यातून दोनदा चिकन. भाव गोल केलेले आहेत. तुमच्या वाण्याकडचे वेगळे असतील तर ते घालून आकडे पुन्हा मांडा, मांडणी तीच राहील.

धान्यापासून सुरुवात. गहू १२ किलो ३८ रुपयांनी, दळणाचे किलोला ७ रुपये धरून ५४० रुपये. किलोभर कणकेच्या तीसेक पोळ्या होतात, म्हणजे रोजच्या बारा-तेरा पोळ्यांची सोय झाली. ज्वारी ४ किलो ५५ रुपयांनी, दळणासह अडीचशेच्या आत. कोलम तांदूळ ८ किलो, ६० रुपयांनी ४८० रुपये. पोहे, रवा, साबुदाणा मिळून १७०. सगळं मिळून १,४४० रुपये. डाळी, कडधान्यं आणि बेसन मिळून साडेआठ किलो, ९५० रुपये. त्यात तूरडाळ १३० रुपयांनी आणि मटकी ११० रुपयांनी धरली आहे. दीड किलो शेंगदाण्यांचे २१०. म्हणजे डाळी-दाणे १,१६०.

तेल ३ लिटर आणि तूप अर्धा किलो, ८०० रुपये. साखर, गूळ, चहा, मीठ, मसाले, खोबरं, ८७५. कांदे-बटाटे-टोमॅटो, रोजची भाजी, कोथिंबीर-मिरची-आलं-लसूण, १,८८०. फळं ७२०. पाच डझन अंडी आणि दीड किलो चिकन, ७५०. गॅस महिन्याला साधारण ६००.

राहिलं दूध. रोज दीड लिटर, लिटरला ५८ रुपये, महिन्याचे २,६१०.

आता धान्य आणि डाळी-दाण्यांची बेरीज करा. १,४४० आणि १,१६०, म्हणजे २,६००. चार माणसं महिनाभर ज्याच्यावर जगतात ते सगळे दाणे आणि रोज सकाळी दाराशी येणाऱ्या पिशव्या, दोन्हींना जवळपास सारखेच पैसे जातात. डाळीच्या भावावर आपण जितकं बोलतो त्याच्या निम्मंही दुधाच्या पिशव्यांवर बोलत नाही, कारण ते बिल एकतर महिन्याच्या शेवटी येतं किंवा रोज थोडं थोडं सुटतं.

एकूण झाले साधारण १०,८३५. दिवसाला माणशी नव्वद रुपये. बिस्किटं, फरसाण, पाव आणि बाहेरचं खाणं यात नाही. ते मुद्दाम वेगळं ठेवलंय, त्याच्याकडे पुढे येऊ.

हे प्रमाण पोटाला पुरेसं आहे का, हेही तपासायला हवं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुधारित आहार मार्गदर्शन काढलं. त्यात २,००० कॅलरींच्या दिवसभराच्या ताटाला २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं-अंडी-मांस, ३०० मिलिलिटर दूध, ४०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम फळं, ३५ ग्रॅम दाणे आणि तेलबिया, आणि २७ ग्रॅम तेल-तूप धरलंय. लिटरभर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. त्यामुळे आपले तीन लिटर तेल आणि अर्धा किलो तूप माणशी २७ ग्रॅमवर बरोबर बसतात. तुमच्या घरी पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर पैशांच्या आधी डॉक्टरांचा विचार करा. दूध या मापापेक्षा थोडं जास्त आहे. भाजी मात्र कमी पडते, बटाटे सोडले तर माणशी अडीचशे ग्रॅमही होत नाही. म्हणून दुसरीकडून जे वाचेल ते भाजीत जावं, असं माझं मत आहे. बहुतेक घरांत तंगी आली की नेमकी भाजी आधी कापली जाते.

किलोचा भाव फसवतो

स्वस्त काय आणि महाग काय हे किलोवरून ठरवू नका, ताटात काय पडतं त्यावरून ठरवा. दहा ग्रॅम प्रथिनं मिळवायला तूरडाळीतून सुमारे ६ रुपये लागतात, शेंगदाण्यांतूनही जवळपास तेवढेच, सात रुपयांच्या अंड्यातून १२, दुधातून १७-१८ आणि चारशे रुपये किलोच्या पनीरमधून वीसच्या वर. सोयाबीनच्या वड्या तीन रुपयांत हे काम करतात, पण त्या मुलांच्या गळी उतरवायचं कौशल्य ज्याचं त्याने कमवावं. दुधात कॅल्शियम असतं, त्यामुळे मुलांचं दूध तोडायला मी सांगणार नाही. दिवसातून चार वेळा होणाऱ्या मोठ्यांच्या चहाचं दूध मात्र तोडता येतं.

पिठलं-भाकरीचा हिशोब बघा. वाटीभर बेसन दहा रुपयांचं. तेल, कांदा, लसूण, मिरची दहाची. भाकरी एक सव्वाचार रुपयांना पडते, आठ भाकऱ्यांचे ३५. वर ठेचा आणि फोडलेला कांदा. चौघांचं जेवण साठ रुपयांत, माणशी पंधरा. १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या युती सरकारने स्वस्त जेवणाच्या योजनेसाठी झुणका-भाकरच का निवडली, ते यावरून कळतं.

यादी जेवणांची करा

वाण्याकडे द्यायची यादी बहुतेक घरांत गेल्या महिन्यावरून उतरवली जाते. त्याऐवजी आठवड्याच्या चौदा जेवणांची यादी करा आणि तिच्यातून सामान काढा. फार काटेकोर नको, कारण मंडईत काय स्वस्त लागेल हे यादी करताना कळत नाही. चौदांपैकी आठ जेवणं पक्की ठरवा, सहा भाजीच्या भावावर सोडा.

पक्क्या जेवणांत कडधान्य दोनदा यावं. शनिवारी रात्री पाव किलो मटकी भिजवा, रविवारी उपसून फडक्यात बांधा, सोमवारी मोड आलेली मटकी अर्ध्या किलोच्या वर भरते. अर्धी सोमवारी सुकी उसळ, पोळीबरोबर. अर्धी फ्रीजमध्ये, मंगळवारी तिचा पातळ कट काढून भाताबरोबर किंवा पावाबरोबर. दोन जेवणांच्या मटकीला सत्तावीस-अठ्ठावीस रुपये लागले. पावसाळ्यात गवार-फरसबी कडाडली की तेवढ्या पैशांत एका वेळची भाजीही येत नाही.

वरणाला कुकर लावताना डाळ दुप्पट घ्या. पहिल्या रात्री साधं वरण-भात. उरलेली शिजलेली डाळ गार झाल्यावर फ्रीजमध्ये टाका. दुसऱ्या दिवशी तिची आमसूल-गुळाची आमटी करा किंवा कणकेच्या चौकोनी फळांची वरणफळं. सोलापूरकडे त्यांना चकोल्या म्हणतात. ज्या संध्याकाळी घरी यायला आठ वाजतात त्या संध्याकाळी शिजलेली डाळ तयार असणं हेच पार्सलवरचं खरं औषध आहे. शिळी पोळी कुस्करून फोडणीला टाकली की दुसऱ्या दिवशीचा नाश्ता झाला. भाताचंही तसंच, फक्त तो रात्रभर ओट्यावर ठेवू नका, थंड झाला की लगेच फ्रीजमध्ये. उरलेली भाजी थालीपिठात जाते. पिठात कालवल्यावर मुलांना दुधी ओळखू येत नाही, हा वरचा फायदा.

बाजारात

भाजीवाला भाव पावकिलोचा सांगतो. पावकिलो वीस असेल तर किलोचा भाव ऐंशी असेलच असं नाही, बऱ्याचदा सत्तर किंवा साठ असतो. म्हणून कांदे, बटाटे, टोमॅटो, कोबी, तांबडा भोपळा यांचा किलोचाच भाव विचारा. टिकणारी भाजी आठवडी बाजारातून आठवड्याची एकदम घ्या. पालेभाजी आणि कोथिंबीर लागेल तेव्हा जवळून घ्या, कारण फ्रीजमध्ये काळी पडलेली जुडी कितीही स्वस्तात घेतली असली तरी महागच पडते. मटार डिसेंबर-जानेवारीत सोलून ठेवावा. पावसाळ्यात टोमॅटो चढले की आमटीला चिंच-आमसूल आहेच, कोशिंबिरीत काकडी. साठवणीचा उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये येतो. गच्ची किंवा हवेशीर जागा असेल तर तेव्हा दहा-पंधरा किलो घेऊन पसरून ठेवा. श्रावणात अंड्यांचा खप घटतो आणि भाव उतरतात. तुम्ही श्रावण पाळत नसाल तर तुमची चंगळ.

किराण्यात पाकिटावरचं वजन वाचायची सवय लावा. बऱ्याच वस्तूंच्या पाकिटांना ठरावीक वजनाचं बंधन आता राहिलेलं नाही, त्यामुळे लिटरच्या पिशवीसारखीच दिसणारी तेलाची पिशवी ८०० किंवा ८५० ग्रॅमची असू शकते. त्याच्या जोडीने पाकिटावर ग्रॅमचा किंवा किलोचा दर छापणंही सक्तीचं झालंय. छोट्या अक्षरांत असतो, पण दोन पिशव्यांची तुलना त्याच आकड्याने करा. दुसरी गोष्ट कराची. जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकीटबंद धान्य, डाळी आणि पिठांवर ५ टक्के जीएसटी आहे. सुट्ट्या मालावर नाही आणि २५ किलोच्या वरच्या कट्ट्यावरही नाही. सुट्टी डाळ घेताना निवडायचे कष्ट पडतात हे खरं, पण वाणी विश्वासाचा असेल तर सुट्टीच घ्या.

वर्षाचे गहू एकदम भरावेत का? नवा गहू मार्च-एप्रिलपासून बाजारात येतो, तेव्हा दीड क्विंटल भरला आणि किलोमागे पाच रुपये वाचले असं धरलं, तर वर्षाचे साडेसातशे वाचतात. त्यासाठी पाच हजारांच्या आसपास एकरकमी अडकतात, ऊन दाखवायला गच्ची लागते आणि सोनकिड्यांशी लढावं लागतं. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मी या भानगडीत पडायला सांगणार नाही. आता याच्याशेजारी पोळी-भाजी केंद्र ठेवा. घरची पोळी कणीक, तेल, गॅस धरून दोन-सव्वादोन रुपयांना पडते, विकतची दहाला. आठवड्यातून दोन संध्याकाळी डझनभर पोळ्या आणल्या तर महिन्याला साडेसातशेच्या वर जास्तीचे जातात. वर्षाच्या बेगमीची बचत एका महिन्यात संपली. तरीही दोघं नोकरी करणाऱ्या घरात या पोळ्या आणू नका असं मी म्हणत नाही. तो कष्टाचा मोबदला आहे, फक्त तो खर्चाच्या वहीत त्याच नावाने लिहा. सहाशेचं पार्सल मात्र घरच्या हिशोबात दीड दिवसाहून जास्त जेवणाचं आहे. दहा मिनिटांत घरपोच मागवलेल्या कोथिंबिरीवर लागणारं पोचवण्याचं आणि हाताळणीचं शुल्कही एकदा महिन्याचं जोडून बघा.

हात आखडायचा तर

नव्वदवरून खाली यायचं तर कात्री याच क्रमाने लावावी: दूध दीड लिटरवरून एक लिटर (८७० वाचतात), चिकन बंद पण अंडी चालू (३३०), सफरचंद-द्राक्षांऐवजी केळी, पेरू आणि हंगामी फळं (३२०), भाजी काटेकोरपणे हंगामातली आणि आठवडी बाजारातली (४००), तूप निम्मं (१६५), मसाले घरी कुटलेले (१००), कुकरमध्ये डाळ-भात-भाजी एकावर एक लावून गॅसमध्ये ८०. महिना साडेआठ हजारांच्या आसपास येतो, माणशी दिवसाला एकाहत्तर. हंगामी भाजी घेऊन वाचलेले चारशे पुन्हा भाजीतच घालायची ऐपत असेल तर जरूर घाला. डाळ, कडधान्य आणि दाण्यांना हात लावू नका, तिथे वाचतं थोडं आणि ताटातून जातं फार.

घरात प्राधान्य गटातलं रेशनकार्ड असेल तर जानेवारी २०२३ पासून माणशी ५ किलो धान्य मोफत आहे. चौघांचं वीस किलो. वरच्या यादीतला गहू आणि तांदूळ मिळून नेमके वीस किलोच होतात, म्हणजे सव्वानऊशेच्या वर रुपये हलके झाले. गहू-तांदळाचं प्रमाण तुमच्या मनासारखं नसेल, पण तांदूळ जास्त आला तर त्यातला थोडा भिजवून वाळवून भाकरीच्या पिठासाठी दळता येतो. शेवटची गोष्ट, विकत घेताना दुकानात वजन कमी भरलं, छापील किमतीपेक्षा जास्त घेतले किंवा मिठाईबरोबर खोकाही तोलला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रार करताना पावती हाताशी ठेवा, आणि सुट्ट्या मालाचीही पावती मागायची सवय त्यासाठीच लावून घ्या.