बोलतं करताना

नालवाडी-वर्धा भागातल्या लहान मुलांसोबत स्पीच थेरपीचं काम करताना मनात पक्क्या झालेल्या या काही गोष्टी.

१. आधी कान बघायचे, मग जीभ. ‘हाक मारली की पाहते ना,’ असं आई खात्रीने सांगते. पण ती बहुधा समोरच असते आणि मूल नजरेनेच सगळं टिपत असतं. पहिल्या महिन्यात श्रवणचाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार, असा जगभरचा दंडक आहे. आपल्याकडे तीन-तीन वर्षांची मुलं पहिल्यांदा येतात, तेव्हा जीव हळहळतो.

२. आजीचं बोलणं ऐकल्याशिवाय कागदावर फुली मारू नये. केळ्याचं चित्र दाखवलं की इथली पोर ‘केयं’ म्हणते, डोळ्याला ‘डोया’. आजीही तेच म्हणते. ही वऱ्हाडी आहे, उच्चारदोष नव्हे. प्रमाण भाषेवर बेतलेला तक्ता हे सांगत नाही. पण तीच पोर पाचव्या वर्षी ‘काका’ला ‘ताता’ म्हणत असेल, तर घरात तसं कुणीच बोलत नाही. काम तिथे आहे. हा फरक कळायला गावची बोली कानात मुरावी लागते.

३. घरची हिंदी किंवा गोंडी बंद करायला सांगू नये. दोन भाषांमुळे मूल अडत नाही. आईची भाषा सुटली, तर तिचं मुलाशी बोलणंच आटतं.

४. प्रश्नांच्या सरबत्तीने मूल आणखी मिटतं. ‘हे काय? सांग ना!’ यापेक्षा हिरव्या तुरीच्या शेंगा सोलायला शेजारी बसवावं. आजी एक शेंग देते, दुसरी हातातच धरून थांबते. ते थांबणं फार मोलाचं. थोड्या वेळाने पोर म्हणते, ‘दे.’ हातच्या कामातून शिकवायची नयी तालीम १९३७ साली वर्ध्यातच मांडली गेली; बोलण्यालाही ती तंतोतंत लागू पडते.

५. जिभेला वेखंड लावणाऱ्या आईला हसू नये. तीही काळजीच असते. ‘याचा बापही उशिरा बोलला’ म्हणून वाट बघत बसणं मात्र महागात पडतं. दोन वर्षांचं मूल ‘आई ये’ असे दोन शब्द जोडत नसेल, तर अंगणवाडीताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून ही तपासणी मोफत होते. पुढच्या वाढदिवसाची वाट पाहू नका.