ॲडिसन अंगवळणी पडताना

दोन्ही किडन्यांच्या माथ्यावर एकेक ॲड्रिनल ग्रंथी असते. माझ्या दोन्ही क्षयाने खाल्ल्या. लंडनच्या थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली या ग्रंथी निकामी होण्याचा हा आजार मांडला, तेव्हाही त्यांच्या रुग्णांत क्षयाचे होतेच. आपल्याकडे क्षय आजही त्याचं मोठं कारण आहे. कळमेश्वरात राहून हे दुखणं निभावताना जे कळलं, ते असं.

१. रापणं वेगळं, काळवंडणं वेगळं.
मे महिन्यात इथे कोण रापत नाही? त्यामुळे माझ्या रंगाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. पण ऊन हिरड्यांवर आणि तळहाताच्या रेषांत शिरत नाही. ग्रंथी दाद देत नाहीत म्हणून मेंदूखालची पिट्युटरी त्यांना चालवणारं संप्रेरक, एसीटीएच, वाढवत राहते, त्याने कातडी गडद होते. डॉक्टरांपुढे तोंड उघडा आणि मूठही उघडा.

२. ‘अशक्तपणा आहे’ एवढ्यावर थांबू नका.
वजन उतरतंय, उठताच अंधारी येते, मळमळतं, हे सगळं एका दमात सांगा. मी कैरीपेक्षा तिला लावलेलं मीठच जास्त खात होतो. तेही सांगण्यासारखंच निघालं. सलाईन लावलं की दोन दिवस तरतरी येते, कारण त्यात मीठच असतं, आणि आजार लपून राहतो. वारंवार सलाईन लागत असेल तर रक्तातलं सोडियम-पोटॅशियम तपासायला सांगा. सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त असेल तर संशय घ्यावा.

३. रक्त सकाळीच द्या.
या ग्रंथी बनवतात ते कॉर्टिसॉल पहाटे चढतं, दिवसभर उतरत जातं. म्हणून नमुना आठच्या सुमारास लागतो. दुपारी नागपूरला पोचून उपयोग नाही. मग एसीटीएचचं इंजेक्शन देऊन ग्रंथी जाग्या होतात का ते बघतात. रुग्ण कोसळलाच असेल तर मात्र रिपोर्टची वाट न बघता कॉर्टिसॉलच्या जागी हायड्रोकॉर्टिसोन आधी देतात.

४. क्षयाच्या आणि ग्रंथींच्या डॉक्टरांना एकमेकांची औषधं कळू द्या.
क्षयावरचं रिफाम्पिसिन यकृतात कॉर्टिसॉल लवकर संपवतं. ते सुरू झालं की हायड्रोकॉर्टिसोनचा डोस बहुधा वाढवावा लागतो. क्षय बरा झाला तरी ग्रंथी सहसा सावरत नाहीत. गोळी जन्माची.

५. गोळीला भिऊ नका, पुडीला भ्या.
दिवसाला साधारण १५ ते २५ मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन, त्यातला मोठा वाटा सकाळी. शरीराने जे बनवायचं, तेच बाहेरून. सोबत मीठ धरून ठेवणारं फ्लुड्रोकॉर्टिसोन. शेजारच्या काकू म्हणाल्या, “स्टेरॉइड हाय न ते? सोडून द्या भाऊ.” त्याच काकू गुडघ्यांसाठी बिननावाची पुडी घेत होत्या. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. ते महिनोन्महिने पोटात गेलं की धडधाकट ग्रंथीही काम थांबवतात, आणि पुडी एकदम बंद केली तर माणूस कोसळू शकतो.

६. आजार घरच्यांना शिकवा.
ताप आला की डोस दुप्पट किंवा तिप्पट. ओकारीने गोळी टिकत नसेल तर हायड्रोकॉर्टिसोनचं १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि तडक दवाखाना. डॉक्टरांनी लिहून दिलेला हा कागद आमच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे, आजाराचं कार्ड माझ्या खिशात. सुई टोचायचा सराव बायकोने संत्र्यावर केला. नागपूर गाठेपर्यंतचा वेळ त्या सुईनेच मिळतो.