बंद मोबाईलच्या बदल्यात टब? थोडं थांबा!



"बंद मोबाईल, फुटका मोबाईल द्या, टब घ्या, बादली घ्या!" अशी रेकॉर्ड केलेली आरोळी लावून दुचाकीवर फिरणारे फेरीवाले आता आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. जुन्या साड्यांवर भांडी देणारी बोहारीण आपण लहानपणापासून पाहिलेली. त्यामुळे मोबाईल देऊन टब घेण्यातही कुणाला काही वावगं वाटत नाही. पण साडी आणि मोबाईल यांत मोठा फरक आहे. साडीत आपलं नाव, मुलांचे फोटो आणि बँकेचा हिशोब नसतो. आणि साडी फोडली तर पेट घेत नाही.

हा विषय शाळेचाही आहे. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' म्हणत आपणच पालकांना मोबाईलची गरज सांगितली. कळवण तालुक्यात कुणी कांदा विकून, कुणी मजुरीच्या पैशातून, कुणी उसनवारी करून साधा स्मार्टफोन घेतला. त्यातले कितीतरी फोन आता बंद पडून फळीवर, ट्रंकेत किंवा देव्हाऱ्याखालच्या खणात पडले असतील. त्यांचं पुढे काय करायचं, हेही आपणच सांगायला हवं.

मोबाईलच्या आत काय असतं?

मोबाईलच्या सर्किटमध्ये तांबं, कथील, चांदी, थोडंसं सोनं आणि पॅलेडियम असतं. बॅटरीत लिथियम असतं, बऱ्याचदा कोबाल्टही असतं. लिथियम आणि कोबाल्टसाठी आपला देश आयातीवर अवलंबून आहे. म्हणजे आपण ज्याला भंगार म्हणतो, ती एक छोटी खाणच आहे.

मुलांना हे पटवायला एक छान उदाहरण आहे. ७ ऑगस्ट २०२१ रोजी नीरज चोप्राने टोकियो ऑलिंपिकमध्ये भालाफेकीत सुवर्णपदक मिळवलं. त्या स्पर्धेतली सगळी, सुमारे ५००० पदकं जुन्या मोबाईल आणि छोट्या उपकरणांतून काढलेल्या धातूंची होती! एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ या काळात जपानी लोकांनी सुमारे ६२ लाख मोबाईल आणि ७८,९८५ टन छोटी उपकरणं जमा केली. त्यातून ३२ किलो सोनं, ३५०० किलो चांदी आणि २२०० किलो कांस्य मिळालं. जपानमधल्या १६०० हून जास्त नगरपालिका त्यात सहभागी होत्या. सांगायचा मुद्दा असा, की एका फोनमधून हाती काहीच लागत नाही. सगळ्यांचे फोन एकत्र आले, तरच पदक बनतं.

चुकीच्या हातात गेला तर?

१) आरोग्य : गल्लीबोळातल्या भंगार व्यवसायात तांब्यासाठी तारा आणि सर्किट उघड्यावर जाळतात, सोन्यासाठी आम्लात बुडवतात. दिल्लीचं सीलमपूर आणि उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद या कामासाठी ओळखलं जातं. मुरादाबादला याची राख रामगंगा नदीकाठी टाकली गेली. धूर, राख आणि आम्लाचं पाणी आधी काम करणाऱ्यांच्या आणि त्यांच्या लेकरांच्या अंगात जातं, मग माती-पाण्यात. आपल्या गिरणेच्या काठी असं काही झालं तर चालेल का?

२) आग : लिथियम बॅटरी टोचली, वाकवली किंवा ठेचली की आत शॉर्ट होऊन क्षणात पेटू शकते. जुन्या फोनचा 'सेल' काढून खेळणारी मुलं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. फुगलेली बॅटरी तर अजिबात हाताळू देऊ नका.

३) फसवणूक : ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या शेजारच्या तेलंगणात रामागुंडम भागात पोलिसांनी तिघांना पकडलं. त्यांच्याकडे गावोगावी फिरून गोळा केलेले सुमारे ४००० जुने मोबाईल सापडले. हे फोन सायबर चोरट्यांकडे जाणार होते, असं पोलिसांनी सांगितलं. म्हणून प्रत्येक फेरीवाला चोर आहे असं मुळीच नाही; तोही पोटासाठीच फिरतो. पण पुढे तो फोन कुठे जातो, हे त्यालाही माहीत नसतं.

कायदा काय सांगतो?

ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यानुसार वस्तू बनवणाऱ्या कंपनीवरच जुन्या वस्तूंच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी आहे, आणि ते काम नोंदणीकृत उद्योगांकडूनच व्हायला हवं. फोनच्या खोक्यावर चाकं असलेल्या कचरापेटीवर फुली मारलेलं चिन्ह असतं. 'हे साध्या कचऱ्यात टाकू नका' असा त्याचा अर्थ. उद्या वर्गात एखादं खोकं नेऊन हे चिन्ह मुलांना शोधायला लावा.

पुण्यात जमतं, मग आपल्याकडे?

पुण्यातली पूर्णम इकोव्हिजन ही संस्था 'ई-यंत्रण' नावाची मोहीम राबवते. ठरलेल्या दिवशी सोसायट्या, शाळा आणि मंडळं ई-कचरा जमा करतात. चालण्याजोगे संगणक दुरुस्त करून गरजू शाळांना दिले जातात, उरलेला माल अधिकृत पुनर्चक्रीकरणाला जातो. कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्थाही तिथे ई-कचरा गोळा करते. म्हणजे कचरा वेचणाऱ्यांना बाजूला न सारता त्यांना सोबत घेऊनही हे काम होतं.

कळवणची अडचण अंतराची आहे. एका बंद फोनसाठी कुणी सत्तर-ऐंशी किलोमीटर नाशिकला जाणार नाही, आणि दोन फोनसाठी कंपनीची गाडी इथे येणार नाही. म्हणूनच गोळा करण्याची जागा गावातच हवी. ज्या ठिकाणी प्रत्येक घरातून रोज कुणीतरी येतं, अशी जागा कोणती? आपली शाळा!

देण्याआधी घरी काय करायचं?

• फोन चालू होत असेल तर आधी दुरुस्तीचा विचार करा. नवी बॅटरी किंवा चार्जिंग पिन टाकून तो आजी-आजोबांना वर्षभर सहज चालतो.
• सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या.
• फोटो आणि नंबर दुसरीकडे घ्या. मग गुगल खातं व पैशांची ॲप्स काढून फॅक्टरी रिसेट करा. नुसते फोटो डिलीट करून भागत नाही.
• फोन सुरूच होत नसेल तर दुसऱ्या फोनवरून गुगल खात्यात जाऊन जुना फोन साइन आउट करा आणि पासवर्ड बदला.
• आयएमईआय क्रमांक वहीत लिहून ठेवा. चालू फोनवर *#०६# दाबलं की तो दिसतो. बंद फोनचा खोक्यावर किंवा बिलावर मिळतो.
• चालू फोन विकलात तर घेणाऱ्याचं नाव, तारीख आणि हा क्रमांक लिहिलेली पावती ठेवा. जुना फोन विकत घेताना 'संचार साथी'वर क्रमांक तपासा.

शाळेत काय करता येईल?

१) मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीत ठराव घ्या. वर्षातून एक दिवस ठरवा. १४ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय ई-कचरा दिन चांगला आहे.

२) माल जमा करण्याआधीच कोण नेणार हे पक्कं करा. अधिकृत पुनर्चक्रीकरण उद्योगांची यादी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असते. तीन-चार शाळा आणि ग्रामपंचायत एकत्र आल्या तर माल वाढतो आणि गाडी येण्याची शक्यताही वाढते. नाहीतर नाशिकला कामासाठी जाणाऱ्या शिक्षकाने तो अधिकृत संकलन केंद्रावर पोहोचवावा.

३) फोन पालकांनीच आणून द्यावा, मुलांच्या दप्तरात नको. वहीत नोंद करा. फोन उघडू नका. फुगलेल्या बॅटरीचा फोन शाळेत घेऊ नका. तो घरीही माणसांपासून आणि पेटणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवायला सांगा, चार्जिंगला लावू नका, आणि थेट सर्व्हिस सेंटरला विचारा. बाकीचे फोन वर्गात न ठेवता कुलपाच्या कोरड्या खोलीत ठेवा.

४) माल दिल्यावर पावती घ्या आणि ती सूचना फलकावर लावा. पुढच्या वर्षीचा विश्वास त्या पावतीवरच उभा राहतो.

अभ्यासाशी जोडणी

• परिसर अभ्यास : घरात चालू फोन किती, बंद किती, बंद का पडले? मुलांनी तक्ता करावा.
• गणित : २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला. त्यातल्या फक्त २२.३ टक्के कचऱ्याच्या रीतसर पुनर्चक्रीकरणाची नोंद आहे. ते किती टन झाले? (उत्तर : सुमारे १ कोटी ३८ लाख टन)
• मराठी : 'मी बंद पडलेला मोबाईल बोलतोय' हे आत्मकथन. 'आमच्या गावात ई-कचरा संकलन सुरू करावे' असे सरपंचांना विनंतीपत्र.

पालकहो, टबाची किंमत शंभर-दीडशे रुपये. त्यासाठी आपली माहिती, कुणाच्या तरी मुलाचं आरोग्य आणि इतके मौल्यवान धातू द्यायचे का, हा हिशोब आज घरी मुलांसोबत बसून नक्की करा. आणि आपल्या शाळेत असा उपक्रम झाला असेल, तर तुम्ही फोन कुठे आणि कसे पोहोचवले ते इतर शिक्षकांनाही सांगा. एका शाळेला सापडलेला रस्ता दहा शाळांना उपयोगी पडतो.