पत्रा आधी, इंजिन नंतर

बारा-चौदा वर्षांची छोटी गाडी घ्यायची म्हणून कोणी बोलावलं, की मी सोबत जातो. बहुतेक जण आधी बॉनेट उघडायला सांगतात. मी आधी खाली वाकतो.

१. गाडी कोकणातली असेल तर गंज शोधायचाच. दारांच्या खालच्या कडा, मॅट उचलल्यावर दिसणारा तळ, डिकीत स्टेपनीखालचा खड्डा. अंगठ्याने दाबल्यावर रंगाचा पापुद्रा कुरकुरला तर पत्रा आतून गेलेला असतो. रंग संशय यावा इतका नवा असेल तर चुंबक पातळ कापडात गुंडाळून फिरवा. जाड पुट्टीवर तो चिकटत नाही. इंजिन पैसे मोजून बांधून मिळतं. कुजलेला तळ वेल्डिंगने सांधला तरी गंज शेजारून पुन्हा वर येतो. इथे गडबड दिसली की मी पुढचं काही पाहत नाही.

२. सांगली-कोल्हापूरला २०१९ मध्ये, चिपळूणला २०२१ मध्ये कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. गाडी धुणाऱ्याचा हात सहसा तिथवर जात नाही. चिखलाची रेघ तिथे सापडते.

३. इंजिन थंड असतानाच चालू करायचं. तसं आधी कळवूनही बॉनेट गरम लागलं, तर मालकाला काहीतरी लपवायचं असावं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर हेड गॅस्केटची शंका घ्या. (पावसाळ्यात उभ्या गाडीत ती नुसत्या दमटपणानेही धरते, म्हणून डिपस्टिकही बघा.)

४. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवा. कटकट आवाज आला तर अ‍ॅक्सलचा जॉइंट गेला. त्याचे पैसे भावातून कापा.

५. मीटरवर चाळीस हजार आणि क्लच पेडलचं रबर गुळगुळीत? पेडलवर विश्वास ठेवा.

६. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर. चौदा वर्षांच्या गाडीचा भाव करताना हे धरा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर एनओसी आणि फॉर्म ३५ आधी मागा. फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या झाल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका.