रात्रीचा सिपर

चि. सौ. मृणाल हिस,


काल वहिनीचा फोन आला. ओजसने आइस्क्रीमचा पहिलाच घास थुंकला आणि गाल धरून रडत बसला म्हणे. पुढच्या दातांच्या कडा पातळ झाल्यात, दाढांवर पिवळे खळगे दिसतात. आणि तू काय म्हणालीस, तर ‘कीड नाही ना, मग ठीक आहे.’ ठीक कसं? कीड नसली तरी आंबटातल्या आम्लाने दाताचं वरचं कवच विरघळतं, आणि दुधाच्या दातांचं ते पक्क्या दातांच्या जेमतेम निम्म्या जाडीचं. चार वर्षांच्या पोराच्या हातात दिवसभर सिपर! कधी लिंबू सरबत, कधी संत्र्याचा ज्यूस, कधी मी पाठवलेलं आगळ. अगं, ते सोलकढीसाठी होतं!

जेवताना पेलाभर प्यायला तर लाळ सावरून घेते. घोटघोट चाललं की तिला उसंत कुठली? झोपेत तर लाळ सुटतच नाही फारशी. म्हणून रात्रीचा सिपर आधी बंद कर. आंबट प्यायल्यावर लगेच ब्रशही नको, मऊ पडलेलं कवच घासलं जातं. साध्या पाण्याची चूळ, ब्रश तासाभराने.

‘दुधाचेच दात, पडणारच’ असं मात्र म्हणू नकोस. मागच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत लागतात. हेच वाक्य सासूबाई म्हणायच्या आणि मी ऐकून घ्यायची. बाविसाव्या वर्षी उलट बोलायची छाती नव्हती. तुझा मंदारदादा दाढ धरून रात्ररात्र जागायचा, मी लवंग घेऊन उशाशी. अजून जात नाही ते मनातून.

ओजसला आंबट ढेकर येतात का, झोपेत उलटी होते का, तेही डॉक्टरांना सांग. पोटातलं आम्ल वर आलं तरी दात असेच झिजतात. तसं असेल तर एकट्या सरबताचा दोष नाही, आणि तुझा तर नाहीच.

फार बोलले का गं? ऑफिसातून दमून येतेस, रात्री पोर रडायला लागलं की हाताला येईल ते देतेस, कळतं मला. पण सिपरमध्ये नुसतं पाणी भर. दोन-चार रात्री आकांत करेल. शुक्रवारच्या गाडीने मी येते; त्या रात्री मी त्याच्याजवळ झोपेन, तू आतल्या खोलीत दार लावून झोप. शनिवारी डॉक्टरांकडेही मीच मांडीवर घेऊन बसेन.

तुझी,
आत्या